ढग फिरून राह्यला

उन्हाळ्यातल्या दुपारी आभाळ काळवंडलं, की बालाघाटच्या आमच्या वॉर्डात बायका गच्चीवरचे पापड-कुरड्या उचलायला धावतात, दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात, आणि माझी आई, होती तोवर, दारातून ओरडायची, "वैजू, आता कोठी चालली वं?" कारण नेमकी त्याच वेळी मी घराबाहेर पडत असे. सगळे जिथून पळून येतात तिथे जाणं ही माझी नोकरी होती.

मी वैजयंती गजभिये. हवामान-संशोधनाच्या एका सरकारी संस्थेत वादळांच्या पथकात होते. बरीच वर्षं पुण्यात काढली, पण एप्रिल-मे आला की आमचं पथक जीप, गॅसची सिलिंडरं आणि पेट्याबिट्या घेऊन थेट माझ्या माहेरी, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात यायचं. पथकातले लोक गमतीने म्हणत, बाईंनी संशोधनाचा विषयच असा निवडलाय की दरवर्षी माहेरपण सरकारी खर्चाने व्हावं. खरं कारण आमच्या डोक्यावरच्या हवेत आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे जमिनीलगत बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, आणि त्याच्या वरून राजस्थानकडचा कोरडा, तापलेला वारा वाहतो. खाली एक दिशा, वर दुसरी. हे दोन वारे एकमेकांच्या अंगावरून सरकत असताना मधून एखादा ढग जोरात वर उसळला, तर तो कधीकधी नुसता वाढत नाही, फिरायला लागतो. तळहातांमध्ये रवी धरून घुसळावी तसा. फिरणारा ढग म्हणजे मोठ्या गारा, भयंकर वारा आणि क्वचित, फारच क्वचित, ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली ती सोंड. टोर्नेडो.

वर्तमानपत्रवाले कशालाही चक्रीवादळ म्हणतात. चक्रीवादळ समुद्रावरचं, शेकडो कोसांचं. रस्त्यावर पाचोळा गरगरवत जाते ती वावटळ, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो या दोन्हींहून वेगळा. तो असतो ढगाचा, आणि त्याची रुंदी कधी एका वावराएवढीच. एका घराचे कवेलू, म्हणजे कौलं, जागच्या जागी, आणि शेजारचं घर नाही, असं त्याचं वागणं. आमच्या भागात तो इतका कमी येतो की रडारवर ढग फिरताना दिसला तरी खाली काय झालं हे कुणाला कळतच नाही. म्हणून आम्ही खाली उभे राहायचो.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे फुगा. जत्रेतला नव्हे, माणूसभर उंचीचा, पांढऱ्या रबराचा. त्यात हायड्रोजन भरायचा आणि खाली लांब दोरीला एक डबी बांधायची. डबी हलकी, अर्ध्या नारळाच्या कवटीएवढी. फुगा वर जाताना ती डबी हवेचं तापमान, दमटपणा आणि वारा खाली रेडिओवर सांगत राहते. शेवटी फुगा फुटतो आणि डबी कुठेतरी पडते. कुठे, ते तिचं ती ठरवते. एकदा मलाजखंडकडच्या एका गावात ती कुणाच्या तरी कूलरवर पडली. मालकाने ती बादलीत बुडवून थेट ठाण्यात नेली. मला बोलावणं आलं. ठाणेदार लांबूनच बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, पहले ये बताइए, फटेगा तो नहीं?" मी बादलीत हात घालून डबी काढली आणि पदराने पुसली, तेव्हा अख्खं ठाणं भिंतीला चिकटलं होतं. कूलरवाले गृहस्थ मात्र निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाऊस पाडाची मशीन हाय ना हे? मंग आमच्या वावराकडं सोडत जा ना जी!"

अशा गमती पुष्कळ. पण लोक माझ्याकडून ऐकायला मागतात तो एकच दिवस, आणि मलाही दुसरा कुठला सांगावासा वाटत नाही.

मे महिना होता. सकाळी जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं इतका उकाडा. आमचे पथकप्रमुख डॉ. सबनीस बालाघाटच्या विश्रामगृहाच्या ओसरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. सबनीस म्हणजे पुण्याचा अतिशय मोजूनमापून बोलणारा माणूस. आनंद झाला की "ठीक आहे" म्हणायचे, फार आनंद झाला की "बरंच ठीक आहे." त्या सकाळी ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "गजभियेबाई, आज काहीतरी विलक्षण होईल असं वाटतंय." मी चहाचा कप तसाच ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

ड्रायव्हर हेमराजभाऊ बिसेन. इथलाच, धिप्पाड, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलणारा. दरवर्षी आमच्यासोबत यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, "इस साल लास्ट हाय मॅडम, बायको नाई म्हनते."

आम्ही लामता गावाच्या पुढे एका टोलीजवळ, म्हणजे छोट्या वस्तीजवळ, जागा धरली. धानाची मोकळी वावरं, पश्चिमेला लांबपर्यंत आभाळ स्वच्छ दिसत होतं, आणि वापरात नसलेली विटांची एक पक्की पंपघर-खोली होती. तिच्या आडोशाला फुगा भरता येणार होता. वावरांच्या पलीकडे, हाकेच्या थोडं बाहेर, एक मोठा मांडव दिसत होता. लोखंडी पाइप, वर पत्रे, त्यांना लाल-पिवळं कापड. लग्न. लाउडस्पीकरवर गाणी चालली होती. पाणी मागायला म्हणून मी तिकडे गेले, तर नवरीचे वडील देवाजी रामटेके स्वतः कळशी घेऊन आले. आडनाव विचारलं, माझं माहेर विचारलं, आणि बोलता बोलता माझी एक मावससासू त्यांच्या नात्यात निघाली.

"आता तं तुमी घरच्याच झाल्या ताई. तिरोडीहून वऱ्हाड येऊन राह्यलं. जेवूनच जा, साहेबाले बी आना."

"काम हाय भाऊ. वादळ पाहाचं हाय."

"वादळ का पाहाची चीज हाय?" ते मनापासून हसले. "बिचारे सरकारी लोक!"

दुपारी पश्चिमेला पहिला ढग वर आला. मी इतकी वर्षं ढग पाहिले, तरी त्या ढगाची आठवण झाली की अजून हातावर काटा येतो. फुलकोबीसारखा घट्ट, कडा धारदार, आणि डोळ्यांदेखत वाढणारा. डोकं वर गेलं, पसरलं, ऐरणीसारखं चपटं होऊन आमच्यावरून पुढे निघालं. ऊन विझलं. आणि वारा, जो दिवसभर मेल्यासारखा पडला होता, तो आमच्या पाठीमागून, आग्नेयेकडून वाहू लागला. ढग हवा ओढून घेत होता. पाठीवर तो गरम, ओला वारा लागला तसे सबनीस ओरडलेच, "इनफ्लो! बाई, इनफ्लो! भरा!"

पंपघराच्या आडोशाला मी फुगा भरायला घेतला. वाऱ्यात भरणं म्हणजे बिथरलेल्या वासराला आंघोळ घालण्यासारखं. हेमराजभाऊने ताडपत्री धरली होती, मी फुग्याचं तोंड. सिलिंडरची फुसफुस, रबराची करकर, आणि पलीकडून लग्नाची गाणी. सबनीस पेटीजवळ गुडघ्यांवर बसून डबीचे आकडे तपासत होते. ढग अजून जरा जवळ आला की सोडायचा, म्हणजे फुगा त्याच्या थेट पोटात जाईल, असं आमचं ठरलं होतं. असा फुगा आमच्यापैकी कुणाच्याही हातून कधी सुटला नव्हता. एक तर आम्ही उशिरा पोचायचो, नाहीतर ढग पोचण्याआधीच विरून जायचा.

हेमराजभाऊचं तोंड ढगाकडे होतं. त्याच्या हातातली ताडपत्री सैल झाली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ढग फिरून राह्यला."

मी मान वळवली. ढगाच्या काळ्या बुडाचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा खाली लोंबत होता, आणि तो फिरत होता. सावकाश नव्हे. त्याच्या कडेचे चिंध्यांसारखे ढग एका बाजूने वर चढत होते, दुसऱ्या बाजूने खाली येत होते. पुस्तकांत, फोटोंत, परदेशी लोकांच्या व्हिडिओंत हजारदा पाहिलेलं ते माझ्या जिल्ह्यात, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मला हसू फुटलं, चक्क मोठ्याने हसू. सबनीस उभे राहिले.

मग मी तो कुठून येतोय आणि कुठे जातोय ते पाहिलं. नोकरीची सवय. दूरच्या टेकडीचा शेंडा धरला, ढगाची कड धरली, थोडं थांबले, पुन्हा पाहिलं. तो आमच्याकडे येत नव्हता. आमच्या जरा डावीकडून जाणार होता. डावीकडे मांडव होता.

"सर, लग्न."

त्यांनीही एकदा ढगाकडे, एकदा मांडवाकडे पाहिलं. मोबाइल काढला, नेटवर्क नव्हतं. हाक मारून उपयोग नव्हता, वऱ्हाड येऊन पोचलं होतं आणि डीजेचा आवाज वाऱ्यालाही भारी पडत होता.

इथे आमचा पेच सांगायला हवा. नुसता फुगा सोडून भागत नाही. तो काय सांगतोय ते ऐकायला पेटी आणि तिचा अँटेना एका जागी हवा, आणि जवळ माणूस हवा. जीप मांडवाकडे गेली की इथे राहणाऱ्याला पळायला साधन उरत नव्हतं. सबनीसांनी विचार करायला फार वेळ घेतला नाही. म्हणाले, "आत्ताच सोडू. लवकर होतंय, होऊ दे. मग तुम्ही दोघं जा. मी पंपघरात बसतो."

"तुम्ही जा ना सर, मी बसते."

"माझं कोण ऐकणार तिथे? तुम्ही त्यांच्यातल्या आहात."

हे खरं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. इतक्या वर्षांनी तो समोर उभा होता आणि मला त्याच्याकडे पाठ करून जायचं होतं.

ताडपत्री काढली. फुगा एवढ्या जोराने खेचत होता की माझे पाय घसरले. सबनीस डबी धरून वाऱ्यासोबत धावले, मी "सोडाऽ!" म्हणाले आणि दोघांनी एकदम हात मोकळे केले. फुगा आधी आडवा पळाला, वावरावरून जवळजवळ घसटत. मला वाटलं, गेला बाभळीत. पण ढगाच्या खाली पोचताच कुणीतरी वरून दोरी ओढावी तसा तो सरळ वर गेला. मी आयुष्यात सोडलेले सगळे फुगे जणू पायऱ्या चढत गेले होते, हा उडालाच. पांढरा ठिपका काळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. पेटीवर आकडे धडाधड पडायला लागले. "जा!" सबनीस ओरडले.

हेमराजभाऊने जीप बांधांवरून अशी नेली की माझं डोकं दोनदा छताला आपटलं.

मांडवात नवरी मंचावर बसली होती, पांढऱ्या साडीत. तिचं नाव प्रियंका. नवरदेव नुकताच येऊन तिच्याशेजारी बसला होता, समोर वृद्ध भंते, आणि खाली माणसंच माणसं. मी देवाजींना गाठलं आणि सांगितलं, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता शाळेत न्या. शाळा मांडवाच्या मागेच होती, स्लॅबची, वऱ्हाडाच्या उतरण्यासाठी उघडलेली.

"वावधन तं दरसाल येते ताई," देवाजी म्हणाले. "पाइप जमिनीत गाडले हायेत. मांडव मजबूत हाय."

"भाऊ, हे तसलं वावधन नाई. पत्रे पाखरावानी उडतीन."

तेवढ्यात नवरदेवाचे काका मध्ये आले. भीमराव नाव. तिरोडीला मँगनीजच्या खदानीत नोकरी, दणदणीत आवाज, खांद्यावर नवा टॉवेल. "का लावलं हे? आमचं वऱ्हाड आत्ता टेकलं आन तुमी उठवून राह्यल्या? तुमी कोन?"

मी कोण, हे सांगायला वेळ नव्हता. पदवी सांगून तो माणूस हलला नसता. मी म्हणाले, "काका, खदानीत सुरुंगाचा भोंगा वाजला तं तुमी का करता?"

"लपतो. अन् का?"

"भोंगा वाजवनाऱ्याले विचारता का, तू कोन म्हनून?"

मी पश्चिमेकडे हात केला. मांडवाच्या कापडामुळे आतून आभाळ दिसत नव्हतं. भीमरावकाका दोन ढांगांत बाहेर गेले, वर पाहिलं, आणि परत आले ते वेगळ्याच चेहऱ्याने.

"बंद कर रे तो डीजे!"

डीजे बंद झाला आणि त्या शांततेत पहिल्यांदा सगळ्यांना ढगाचा आवाज ऐकू आला. गडगडाट नव्हे, न थांबणारी घरघर. लोक उठले, पण गोंधळले. कुणी चपला शोधतंय, कुणी आहेराच्या भांड्यांकडे धावतंय, एक बाई "पहले लगन तं होऊ द्या, घडी निघून जाईन" म्हणतेय. तेव्हा नवरी उठली. तिने भंतेंसमोरचा माइक घेतला.

"मी शाळेत चालली," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण माइक मोठा होता. "ज्याले माहं लग्न पाहाचं हाय त्यानं शाळेत या. इथी काई होनार नाई आता."

आणि एका हाताने साडी, दुसऱ्या हाताने नवरदेवाचं मनगट धरून ती मंचावरून खाली उतरली आणि चालायला लागली. नवरी निघाल्यावर मांडवात कोण थांबतं? अख्खं लग्न तिच्यामागे निघालं. भीमरावकाका दारात उभे राहून लोकांना आत लोटत होते, "बसा, बसा, भिंतीले चिपकून! खिडकीजवळ नाई! डोकं खाली!" जन्म सुरुंगांच्या कामात घालवलेल्या त्या माणसाला मला एक शब्द शिकवावा लागला नाही.

शाळेला दोन खोल्या आणि मधली बोळ. माणसं दाटीवाटीने बसली, लेकरं मांड्यांवर. मी दार ओढून घेणार, तेवढ्यात नवरदेवाची आई किंचाळली, "आबा! आबा कोठी हायेत?"

नवरदेवाचे आजोबा. कानाने कमी. ऊन सोसत नाही म्हणून वऱ्हाडाच्या बसमध्येच मागच्या सीटवर झोपले होते. बस मांडवाच्या पलीकडे उभी होती.

मी काही बोलायच्या आत हेमराजभाऊ बाहेर पडला होता. पहिली गार त्याच वेळी अंगणात पडली, आवळ्याएवढी, आणि उसळून व्हरांड्यात आली. मग दुसरी. मग मोजण्यासारखं काही राहिलं नाही. पांढरा पडदा उतरला आणि त्यात हेमराजभाऊ दिसेनासा झाला. मी दार धरून उभी होते. माझ्या मनात त्याची बायको आली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

पडद्यातून तो आला तेव्हा पाठीवर आबा होते, आणि आबांनी आचाऱ्याची भली मोठी परात दोघांच्या डोक्यावर उलटी धरली होती. परातीवर गारांचा असा ताशा वाजत होता की आतली लेकरं रडायची थांबून बघायला लागली. आबांना खाली ठेवलं. त्यांनी परात बाजूला केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं का लग्न?"

दार लावलं. गारा थांबल्या, एकदम, आणि तेच मला आवडलं नाही. मी भीमरावकाकांना म्हटलं, "आता येनार." कानांना दडे बसले, घाटात बसमध्ये बसतात तसे. मग तो आवाज. मालगाडीसारखा असतो असं सगळे लिहितात. मला तो तसा वाटला नाही. हजारो सुपांमधून एकदम धान पाखडावं, आणि ते पाखडणं आपल्या छातीच्या आत चालावं, तसा होता. दाराची कडी निखळली. मी, भीमरावकाका, हेमराजभाऊ आणि दोन अनोळखी बायका, सगळ्यांनी पाठी दाराला लावल्या. दार आम्हाला ढकलत नव्हतं, बाहेर ओढत होतं. आम्ही वळून कडीचं भोक, आडवी पट्टी, जे सापडेल ते धरून लोंबकळलो. खिडक्यांची तावदानं फुटली. कुणाचं रडणं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंडं उघडी दिसत होती. आणि त्या सगळ्यात भंते बोळीच्या मधोमध ताठ बसले होते, ओठ हलत होते. त्यांच्या शेजारच्यांचे हलू लागले, मग त्यांच्या शेजारच्यांचे. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून कळलं, त्रिसरण चाललं होतं. लहानपणापासून येतं ते. मीही म्हणू लागले, दाराची पट्टी धरून.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी दाराला एक फट होती आणि माझा डोळा त्या फटीकडे जात होता. तो तिथे होता, पंचवीस-तीस हातांवर असेल. डोळा लावला असता तर दिसला असता. पण डोळा लावायला पट्टी सोडावी लागली असती.

मी सोडली नाही. टोर्नेडोवर सगळी नोकरी केली, पण मी टोर्नेडो पाहिलेला नाही.

मग आवाज पूर्वेकडे गेला. दार ढिलं पडलं. बाहेर उजेड आला, पिवळसर, धुतलेला. आम्ही बाहेर आलो तर मांडव नव्हता. म्हणजे मोडलेला, पडलेला असं काही नव्हतंच. जागा रिकामी होती. पत्रे लांबच्या मोहाच्या झाडाला गुंडाळलेले, पाइप वावरात पिळलेले. बस कुशीवर पडली होती, मागच्या बाजूने चेपलेली. नवरदेवाची आई तिच्याकडे पाहत राहिली आणि मग हेमराजभाऊचा हात धरून तिथेच खाली बसली. आचारी भाजीचं पातेलं सोडून आला नव्हता, त्याच्या दंडाला पत्रा कापून गेला होता. नवरदेवाच्या मामाने त्याला लगेच मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. टोलीतल्या चार-दोन घरांचे कवेलू गेले, एका म्हातारीच्या पायाला लागलं. पण शाळेत जेवढे शिरले होते, तेवढे सगळे बाहेर आले.

मी मात्र जीपकडे वळूनही न पाहता पंपघराकडे पळत सुटले. वाटेत चिखल, गारांचे ढीग, माझी एक चप्पल कुठे राहिली कळलं नाही. पंपघराचं दार उडालं होतं. आत अंधार. "सर!" मी ओरडले.

चिखलाने माखलेला एक माणूस बाहेर आला, पेटी बाळासारखी छातीशी धरून, आणि नाचायला लागला. सबनीस. नाचत होते, शपथेवर सांगते. "बाई, चालू आहे! अजून बोलतेय! ढगाच्या माथ्यावर गेलीय आणि अजून बोलतेय!"

"आणि तो? पाहिलात?"

ते थांबले. हात वर केला, बोटं खाली सोडली, मनगट फिरवलं. "असा..." म्हणाले. पुन्हा केलं. "बाई, तो असा..." मोजूनमापून बोलणारा तो माणूस पुन्हा हात वर करायला लागला. डोळे भरून आले त्यांचे. मला त्या क्षणी त्यांचा इतका हेवा वाटला की मी काहीतरी लागट बोलून जाईन या भीतीने सरळ कामाला लागले.

काम होतंच. वादळ गेल्यावर पडलेली झाडं बघायची, हे आमच्या धंद्यातलं मला सर्वांत आवडणारं. नुसता सरळ वारा असेल तर झाडं एका दिशेने पडतात, शाळेच्या कवायतीसारखी. टोर्नेडो असेल तर ती मधल्या रेषेकडे तोंडं करून आडवीतिडवी पडतात. संध्याकाळच्या उन्हात आम्ही तिघं चालत गेलो. डावीकडचे साग उजवीकडे पडलेले, उजवीकडचे डावीकडे, आणि मधल्या पट्ट्यात एका झाडाचा बुंधा ओल्या कपड्यासारखा पिळलेला. सबनीसांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरंच ठीक आहे." मी आणि हेमराजभाऊ पोट धरून हसलो.

परत आलो तर शाळेच्या बोळीत लग्न लागलेलं होतं. भाजीचं पातेलं, आश्चर्य म्हणजे, जिथल्या तिथे होतं. आम्हाला नवरा-नवरीच्या पंगतीत बसवलं. प्रियंकाने वाढताना विचारलं, "ताई, तुमी घाबरल्या नाई?" मी म्हटलं, "तू माइक घेतला तेव्हा माहे पाय कापून राह्यलते." ती म्हणाली, "माहे तं अजून कापून राह्यले," आणि जिलेबी दोनदा वाढली.

लग्नातला फोटोग्राफर पोरगा मोबाइल चालू ठेवून बोळीत बसला होता. चित्रात काही नाही, कुणाच्या तरी पाठीचा कुर्ता. पण आवाज आहे. देवाजींनी तो मला पाठवला. पुण्याला गेल्यावर सबनीसांनी हेडफोन लावून तो पुन्हापुन्हा ऐकला, कारण त्या घरघरीच्या चढ-उतारातून वाऱ्याबद्दल बरंच कळतं. त्या घरघरीच्या तळाशी, नीट कान दिला तर, माणसांचे आवाज आहेत. एका लयीत, शेकडो. त्या दिवशी मला ऐकू न आलेले शब्द त्यात स्पष्ट आहेत.

सबनीसांनी हेडफोन काढला. "हे मधले आवाज गाळता येतील का, बाई? सॉफ्टवेअर आहे आपल्याकडे."

"येतील," मी म्हणाले. "पण गाळू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.